हंडा सापडल्यानंतर

खजिन्याच्या गोष्टींची पुस्तकं मुलांच्या हाती देताना मी वर्षानुवर्षं एक पुस्ती जोडत आलो. सोनं सापडलं की नाही हे सोडा, बरोबर गेलेले सोबती एकमेकांना कसे धरून राहिले ते बघा. वाचनालय सप्ताहात हे बोललो, बक्षिसाच्या पुस्तकांवर पहिल्या पानावर लिहिलं, एकदा तर एका लग्नातल्या भाषणातही ठोकून दिलं. ऐकणारे माना डोलावायचे. वाक्यच तसं आहे, त्यात कुणाचं काही जात नाही. आता मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायचं तर आमच्या मुलखापासून सुरुवात करायला हवी.

मी भालकीच्या बाजूचा. हा पट्टा आधी निजामाचा, मग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलेला. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, तिकडे कलबुर्गी जिल्ह्यातलं आळंद. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि भांडण रंगात आलं की तिन्ही. मी शाळेत मराठी शिकवतो आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. कपाटात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, बाबुराव अर्नाळकरांच्या झिजलेल्या रहस्यकथा होत्या आणि स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'ची एक संक्षिप्त मराठी आवृत्ती होती. तिच्या मुखपृष्ठावर एक डोळा बांधलेला चाचा. (मूळ कादंबरीत लाँग जॉन सिल्व्हरचा एक पाय गेलेला आहे, डोळे दोन्ही शाबूत. पण चित्रकारांना पट्टीशिवाय चाचा काढता येत नसावा.)

माझी ती पुस्ती आली कुठून, तर भीतीतून. आमच्याकडे गुप्तधन ही गोष्टीतली चीज नाही. बिदरच्या किल्ल्यात जमिनीखालच्या खोल्यांचा एक भाग आहे, त्याला हजार कोठडी म्हणतात. नौबादला बहामनी काळातलं पाण्याचं भुयार आहे, त्याला करेझ म्हणतात. पाणी वाहून नेण्यासाठी इतकं खोदकाम कुणी केलं असेल यावर लोकांचा विश्वास बसत नाही. भुयार म्हटलं की ते दुसऱ्या किल्ल्याला जाऊन मिळालंच पाहिजे आणि वाटेत कुठेतरी हंडे असलेच पाहिजेत. पडक्या वाड्याची भिंत वाकडी का, तर आत काहीतरी आहे म्हणून. पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, धनावर नाग बसलेला असतो, आणि तो उठवायला काहीतरी द्यावं लागतं. ते 'काहीतरी' लिंबू-नारळापासून सुरू होतं आणि कुठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना अघोरी प्रथांविरुद्ध कायदे झाले, महाराष्ट्रात २०१३ चा आणि कर्नाटकात २०१७ चा. धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा उल्लेख दोन्हींत करावा लागला, तो उगीच नव्हे. देवळांतले नंदी आणि लिंगं उपटून खाली खणलेल्या जागा आमच्या भागात मी पाहिल्या आहेत.

अशा ठिकाणी मुलांच्या हाती नकाशा, फावडं आणि हाडांचा सापळा असलेली गोष्ट द्यायची म्हणजे मास्तरला धास्ती. म्हणून मी सोन्याचं मोलच काढून टाकलं. सोनं क्षुल्लक, मैत्री खरी. विचार करून आलेलं मत नव्हतं ते. मुलांच्या हाती फावडं जाऊ नये म्हणून केलेली सोय होती.

तिला पहिला तडा दिला तो आमच्याच गावातल्या दोघांनी. नावं सांगत नाही. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक, अशी बापजाद्यांपासूनची सावड. एका मांत्रिकाच्या नादाने दोघांनी एका पडक्या वाड्यात अवसेच्या रात्री खड्डा घेतला. पुरुषभर खणल्यावर चार खापऱ्या निघाल्या. मांत्रिक पैसे घेऊन गेला, हे गावात सगळ्यांना अपेक्षितच होतं. पुढे जे झालं ते मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्यांतला एक म्हणायला लागला की वरची हातभर माती सोडली तर खाली माती भुसभुशीत लागत होती. म्हणजे तिथे आधी कुणीतरी खणून गेलं होतं. जागा कुणाला ठाऊक होती? आपल्या दोघांना. मी खणलं नाही, मग कुणी खणलं? दोन वर्षांनी दुसऱ्याने बँकेच्या कर्जावर जुना ट्रॅक्टर घेतला, आणि पहिल्याला पुरावाच मिळाला. हप्त्यांचा कागद दाखवूनही उपयोग झाला नाही. सावड मोडली, पोरांच्या लग्नात एकमेकांची पायरी चढले नाहीत.

मी मध्ये पडायला गेलो. म्हटलं, अरे, काही निघालंच नाही तर भांडता कशावरून? संशय घेणाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मठ्ठ आहे. "गुरुजी, निगालं नाही म्हनूनच भांडूलालाव ना!"

निघालं असतं तर वाटलं असतं. एकाला कमी, एकाला जास्त झालं असतं, शिव्या झाल्या असत्या, कदाचित पोलीस झाले असते, पण मोजायला काहीतरी समोर असतं. रिकाम्या खड्ड्यात मोजायला काही नव्हतं, म्हणून त्यांचा संशय संपेना. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे तर सोनं नसल्यावर या दोघांत निव्वळ मैत्री उरायला हवी होती.

त्यानंतर मी स्टीव्हन्सनची कादंबरी पहिल्यांदा पूर्ण वाचली, संक्षिप्त नव्हे. १८८१ च्या पावसाळी दिवसांत स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी सावत्र मुलाबरोबर खेळताना त्याने एका बेटाचा नकाशा काढला, आणि गोष्ट त्या नकाशातून निघाली. आधी ती मुलांच्या साप्ताहिकात आली, १८८३ मध्ये पुस्तक झालं. तिच्यात कॅप्टन फ्लिंटने सहा खलाशी घेऊन सोनं पुरलं आणि सहाही जणांना मारलं. त्यांतल्या एकाचा सापळा दिशा दाखवायला आडवा मांडून ठेवला. हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. धनावर राखणदार बसवायचा आणि तो मेलेला असायचा, ही कल्पना इतक्या दूरच्या माणसालाही सुचावी! शेवटाकडे चाचे त्या जागी पोचतात तेव्हा खड्डा आधीच खणलेला, रिकामा. कुणाला तरी दोन गिनींचं एक नाणं सापडतं, ते हातोहात फिरतं, आणि दुसऱ्या क्षणी सगळे सिल्व्हरवर उलटतात. आमच्या वाड्यातला खड्डा आणि तो खड्डा यांत मला फरक दिसेना.

मग चांगल्या बाजूचे लोक काय करत होते? डॉक्टर, जमीनदार, कप्तान आणि खानावळीतला पोरगा जिम. मी यांच्या मैत्रीवर भाषणं दिली होती. आता वाचताना दिसलं की कप्तान स्मॉलेट गलबत निघण्याआधीच तोंडावर सांगतो, मला ही सफर आवडत नाही, खलाशी आवडत नाहीत, आणि जे गुपित मला सांगायला हवं होतं ते माझ्याआधी खलाशांना कळलेलं आहे. जमीनदार चिडतो. ही मैत्रीची भाषा नव्हे. पण संकट येतं तेव्हा हाच माणूस ठाम उभा राहतो, कारण त्याने आपलं काम काय आणि आपल्याला काय माहीत असायला हवं हे आधीच बोलून घेतलं आहे. दुसरा तो बेन गन, तीन वर्षं बेटावर एकटा टाकून दिलेला. सोनं त्यानेच शोधून आपल्या गुहेत हलवलं होतं. जिमशी पहिल्या भेटीतच तो आपली मागणी सांगतो, एक हजार पौंड आणि घरी नेण्याची हमी. सात लाख पौंडांच्या खजिन्यात हजार म्हणजे काहीच नव्हे. आणि त्याला नेमके हजारच मिळतात. एकोणीस दिवसांत तो ते उडवतो, तो त्याचा प्रश्न.

ती शेवटची पानं मी पूर्वी मुलांना वाचून दाखवत नसे. जमाखर्च आहे म्हणून.

हॅगर्डच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स'चंही तेच. 'ट्रेझर आयलंड'च्या निम्म्यानेही चांगली गोष्ट तुला लिहिता येणार नाही, असं भावाने डिवचलं आणि पाच शिलिंगांची पैज लागली, असं सांगतात. १८८५ मध्ये पुस्तक आलं. त्यात वाटाड्या क्वाटरमेन सर हेन्रीबरोबर जायला तयार होतो तो काय सांगून? पाचशे पौंड निघण्याआधी हातात. हस्तिदंत मिळाला तर त्याची वाटणी अशी. आणि मी मेलो किंवा जायबंदी झालो तर लंडनला डॉक्टरकी शिकणाऱ्या माझ्या मुलाला पाच वर्षं, वर्षाला दोनशे पौंड, हे कागदावर. जगातल्या एका गाजलेल्या दोस्तीचा पहिला दिवस असा जातो. पुढे अंधाऱ्या गुहेत हिऱ्यांच्या पेट्यांमध्ये अडकल्यावर ते दोघे आणि त्यांचा तिसरा सोबती एकमेकांच्या उरावर बसत नाहीत. मी याला पूर्वी 'मित्रांचा मोठेपणा' म्हणत होतो. आता मला वाटतं, देण्याघेण्याचं ओझं त्या कागदाने आधीच उतरवून ठेवलं होतं, म्हणून मोठेपणाला जागा उरली.

इथवर आलो आणि लक्षात आलं की आमच्या मुलखातल्या खजिन्याच्या गोष्टी तर हे कधीपासून सांगत आहेत. हंडा सापडला तिथे त्या संपत नाहीत. तिथून सुरू होतात.

कलबुर्गी ज्या राज्याची पहिली राजधानी, त्या बहामनी राज्याचा आरंभच एका हंड्याने होतो. निदान जुना इतिहासकार फिरिश्ता तसं सांगतो. दिल्लीत गंगू नावाचा ज्योतिषी ब्राह्मण, त्याच्याकडे हसन नावाचा गरीब माणूस राबायला. गंगूने त्याला बैलजोडी आणि पडीक जमिनीचा तुकडा दिला. नांगराला साखळी अडकली, उकरून पाहिलं तर सोन्याच्या नाण्यांनी भरलेलं भांडं. हसनने ते तसंच गंगूकडे नेऊन दिलं. गंगूने त्याची गोष्ट शाहजाद्याच्या कानावर घातली, हसनला दरबारात जागा मिळाली. पुढे गंगूने त्याची कुंडली मांडली, तीत राज्ययोग निघाला, तेव्हा त्याने एवढंच मागितलं की तू राजा झालास तर माझं नाव लाव आणि तिजोरीचं काम माझ्याकडे दे. १३४७ मध्ये हसन दख्खनचा सुलतान झाला आणि फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे त्याने दोन्ही गोष्टी पाळल्या.

आजच्या इतिहासकारांना हे मान्य नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. हसनच्याच दरबारात १३५० मध्ये आपलं काव्य पुरं करणाऱ्या इसामीला या गंगूची खबर नाही. राज्याच्या नावातलं बहमन हे नाव सुलतानाने प्राचीन इराणी राजवंशाशी नातं सांगण्यासाठी घेतलं, असं इतिहासकार मानतात. फिरिश्ता विजापुरात बसून लिहीत होता तो अडीचशे वर्षांनी. असो. पण अडीचशे वर्षांनी का होईना, एका राज्याचा पाया कसा घातला गेला असावा याची जी कल्पना लोकांनी केली, तिच्यात दोस्तीची खूण कोणती आहे ते पाहा. मालक आणि गडी, एक हिंदू, एक मुसलमान, एकाच्या शेतात दुसऱ्याला धन सापडलेलं, बघणारं कुणी नाही. सोनं क्षुल्लक असतं तर हसनने ते परत नेण्यात काय मोठं? मी वर्गात सोन्याची किंमत शून्य करत होतो आणि तसं करताना हसनच्या कृतीचीही करत होतो. आणि गंगू काय मागतो? खजिन्याच्या चाव्या. ज्याच्या हाती हंडा मोजून दिला, त्याच्याच हाती राज्याची मोजदाद. मला यात भाबडेपणा दिसत नाही. दोघं व्यवहारी माणसं आहेत.

दामाजीपंतांची गोष्ट मराठी घरात सांगावी लागत नाही. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांना लुटू दिली, बेदरच्या, म्हणजे बिदरच्या, बादशहाने धरून आणायला माणसं पाठवली, आणि पंढरीच्या विठोबाने विठू महाराचा वेष घेऊन बेदर गाठलं. महिपतीच्या १७६२ च्या 'भक्तविजया'मुळे ती कथा घरोघर पोचली. एवढ्याशा थैलीतून मोहरांची रास पडते, हा चमत्कार सगळे सांगतात. मी सांगताना तिथेच थांबत असे. पुढची गोष्ट अशी की देव पैसे टाकून निघून जात नाही. तो पावती मागतो. बादशहाचा शिक्का घेतो आणि ती पावती दामाजीच्या पोथीत नेऊन ठेवतो. साक्षात पांडुरंगाला पावतीशिवाय भागलं नाही. आपल्या भक्तासाठी एवढं केल्यावर त्याने कागदही करून घेतला, कारण उद्या दामाजीला बादशहापुढे उभं राहायचं होतं, तिथे भक्ती चालणार नव्हती.

ही गोष्ट वर्गात पुन्हा सांगितली, पावतीसकट, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, पण विठू महाराला काय मिळालं?" मी म्हटलं, अगं, तो देवच होता. ती म्हणाली, "बादशाला कुठं ठाव होतं?"

तिचं बरोबर होतं. बादशहाच्या दृष्टीने एक महार सरकारी भरणा घेऊन आला होता, आणि गावचा वसूल कचेरीत पोचवणं हे महारांचं नेमून दिलेलं काम होतं. देवाने वेष घेतला तो नेमक्या त्या माणसाचा, ज्याच्या खांद्यावरून खजिना जायचा आणि ज्याला त्यातलं काही मिळायचं नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर दामाजीच्या कथेत नाही, ते बेदरच्याच दुसऱ्या एका आख्यायिकेत आहे. अमृतनाक महाराने बादशहाच्या बेगमेला सोडवून आणलं. निघताना त्याने एक मोहरबंद डबी बादशहाकडे ठेवली आणि परत आल्याशिवाय उघडू नका म्हणून सांगितलं. बेगम सुखरूप आली, दरबारात कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्याने डबी उघडायला लावली. बेगमेबरोबरच्या प्रवासात आपल्यावर संशय येणार हे ओळखून त्याने स्वतःचं पुरुषत्व कापून त्या डबीत ठेवलं होतं. बादशहाने बक्षीस विचारलं तेव्हा त्याने स्वतःसाठी काही न मागता जातीसाठी बावन्न हक्क मागितले, सनदेवर. ही गोष्ट मी कपाटातल्या कुठल्याही साहसकथेच्या पंगतीला बसवीन. पण तिला मैत्रीची गोष्ट म्हणताना माझी जीभ अडखळते. ज्याचं पारडं हलकं असतं त्याला विश्वासाची किंमत आगाऊ आणि रक्ताने भरावी लागते, हे ती कसलाही आडपडदा न ठेवता सांगते. 'सोनं महत्त्वाचं नाही' हे वाक्य अमृतनाकाच्या वंशजांपुढे म्हणून दाखवायची माझी तरी हिंमत नाही. ज्याचं पोट भरलेलं असतं त्याचं ते वाक्य आहे.

मोजदादीचीच गोष्ट म्हणून बसवकल्याणच्या बसवण्णांचा उल्लेखही इथे हवा. बाराव्या शतकात ते बिज्जळ राजाचे भांडारी होते. जंगमांवर खजिना उधळतो अशी चहाडी झाली, राजाने खजिना मोजून घेतला, तो पुरा भरला, अशी कथा आहे.

आणि महमूद गवान. बिदरला येणारा प्रत्येक जण त्याच्या १४७२ च्या मदरशापुढे उभा राहून फोटो काढतो. एक मिनार उभा, दुसरा औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटात गेलेला, उरलेल्या भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे अवशेष. इराणातल्या गिलानहून हा माणूस १४५३ मध्ये व्यापारी म्हणून आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याने सरदारांच्या जहागिरींना कात्री लावली, सरकारी जमिनी मोजल्या, प्रांत लहान केले. साहजिकच शत्रू झाले. त्यांनी त्याला मारण्याची जी युक्ती केली ती मला फिरिश्तात वाचल्यापासून छळते आहे. त्यांनी गवानचा शिक्का सांभाळणाऱ्या हबशी नोकराशी दोस्ती केली. भेटी दिल्या, मेजवान्या दिल्या. एके दिवशी तो दारूत असताना घडी घातलेला कागद पुढे केला, अमक्याचा हिशोब आहे, बाकीचे शिक्के झाले, तुझा राहिलाय. त्याने कागद न उघडता शिक्का मारला. त्या कोऱ्या कागदावर मग ओडिशाच्या राजाला चढाईचं आमंत्रण लिहिलं गेलं. ते पुढे ठेवलं तेव्हा सुलतान महंमद नशेत होता. शिक्का आपलाच आहे, पत्र आपलं नाही, असं गवान सांगत राहिला. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचं डोकं उडवलं गेलं. वय सत्तरीच्या पुढचं.

त्या हबशी नोकराने जे केलं तेच मी मुलांना मैत्रीचा कळस म्हणून शिकवत होतो. मित्राने कागद पुढे केला तर न वाचता सही.

मग सुलतानाला खजिन्याची आठवण झाली. एवढा मोठा वजीर, त्याच्याकडे डोंगराएवढं धन असणार. खजिनदाराला बोलावलं. त्याने सांगितलं, धन्याच्या दोन तिजोऱ्या होत्या, एक सरकारी, तिच्यातून फौज, घोडे, हत्ती यांचा खर्च चाले. दुसरी गरिबांची. दोन्हींत मिळून जे निघालं ते वजिराच्या मानाने नगण्य होतं. स्वतःचा खर्च तो व्यापाराच्या जुन्या भांडवलाच्या नफ्यातून करायचा, मातीच्या भांड्यांत शिजवलेलं खायचा, चटईवर झोपायचा. दख्खनमधला सगळ्यात गाजावाजा झालेला खजिन्याचा शोध असा फसला. इथेही खड्डा रिकामाच निघाला म्हणा. पण या रिकाम्या तिजोरीने संशय वाढवला नाही, उलट गवानच्या मारेकऱ्यालाच पश्चात्ताप झाला असं इतिहास सांगतो. आमच्या वाड्यातल्या खड्ड्याला वही नव्हती. गवानच्या तिजोरीला वहीही होती आणि ती वाचून दाखवणारा जिवंत माणूसही.

तेव्हापासून मी वर्गात कायदाही सांगतो. आधी त्याचा उल्लेखसुद्धा टाळायचो. ब्रिटिशांनी १८७८ मध्ये, म्हणजे स्टीव्हन्सनने नकाशा काढण्याच्या तीनच वर्षं आधी, जमिनीत सापडणाऱ्या ठेव्याचा कायदा केला. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. कुणी मालक पुढे आला नाही आणि आपसात दुसरं काही ठरलेलं नसलं तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. लपवलं तर वाटा गेला आणि वर शिक्षा. कर्नाटकाचा याबाबतचा स्वतःचा कायदा १९६२ चा आहे. हसनने तो कायदा न वाचताच पाळला होता, असं मी सांगितलं की मुलं हसतात, आणि लगेच फळ्यावर अपूर्णांक मांडून वाटणी करायला लागतात. फावडं घेऊन कुणी किल्ल्यात गेल्याचं अजून तरी ऐकलं नाही.

माझ्या या नव्या मताची पंचाईत एकाच माणसाने केली आहे, तो लाँग जॉन सिल्व्हर. हिशोब चोख ठेवणारा माणूस सोबती म्हणून बरा, असं मी म्हणत आलो. तर त्या अख्ख्या कादंबरीत सर्वांत चोख हिशोब या दगाबाजाचा आहे. बाकीचे चाचे लूट दारूत उडवतात, हा बँकेत खातं ठेवतो. आधीच्या सफरींतून नऊशे आणि दोन हजार पौंड कसे बाजूला टाकले हे तो तरुण खलाशाला कौतुकाने सांगतो, आणि जमीनदारही त्याच्या बँकेतल्या पतीचं कौतुक करतो. शेवटी तो नाण्यांची एक थैली उचलून पसार होतो, तीही तीनचारशे गिनींचीच, नेता येईल तेवढी. आणि तरीही रिकाम्या खड्ड्याच्या काठावर, सगळ्यांच्या आधी परिस्थिती ओळखून, जिमच्या हातात पिस्तूल देणारा तोच. स्वतःच्या फायद्यासाठी दिलं, की पोरावर जीव होता म्हणून? स्टीव्हन्सन सांगत नाही, आणि जिमलाही ते कधी कळलं असं वाटत नाही.

नववीच्या वर्गात मी विचारलं, बेटावर जायची वेळ आली तर या गोष्टीतलं कोण बरोबर न्याल? निम्म्या वर्गाने सिल्व्हरचं नाव घेतलं. डॉक्टरांना कुणी विचारलंही नाही. पूर्वी मी रागावलो असतो. आता मी मनात म्हटलं, मीही त्यालाच नेईन, फक्त निघण्याआधी कागद करून घेईन आणि शिक्का माझ्याजवळ ठेवीन.